झाकण ताईकडे, मी बारक्याकडे

मित्रांनो, मला झाकण नाही हे पाहून लगेच मला टाकाऊ ठरवू नका. मी एक जुना मातीचा टोप आहे. ओव्हनमध्ये ठेवून भाज्या शिजवायचा, बाहेरून तपकिरी, आतून मलईच्या रंगाचा, दोन कानांचा. त्यातला एक कान फुटका आहे, त्याची हकीकत पुढे येईलच. आणि झाकणही मला आहे. फक्त ते या घरात नाही. ते दुसऱ्या गावात, दुसऱ्या एका घरातल्या फळीवर बसलेलं आहे, आणि आत्ता या घटकेला ते माझी आठवण काढत असणार अशी माझी पक्की समजूत आहे. ही भानगड काय आहे, तेच तुम्हाला सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका तिरसट कुंभाराच्या चाकावर झाला. तो गिऱ्हाइकाशी कमी आणि मातीशी जास्त बोलायचा. त्याने मला घडवलं, कान चिकटवले आणि त्याच गोळ्यातल्या उरलेल्या मातीचं माझं झाकण केलं. झाकणाला धरायला म्हणून मातीचंच एक पान वळवून लावलं. पानाचं टोक एका बाजूला जरा झुकलेलं होतं. ओले होतो तोवर आम्ही दोघं अगदी गोल होतो. पण भट्टीत गेल्यावर माती आकसते, आकसताना वाकते, आणि कुठे किती वाकेल हे कुणाच्याच हातात नसतं. म्हणून त्याने झाकण माझ्यावर ठेवूनच आम्हाला भट्टीत घातलं.

त्याची बायको म्हणाली, "अहो, चिकटून बसतील ना दोघं!"

"कडेला झिलई लावलेली नाही, चिकटायचे नाहीत," कुंभार म्हणाला. "पण एकत्र भाजले की वाकतील तरी एकमेकांसारखे. मग दुसरं कुठलं झाकण याला बसायचं नाही, आणि हे झाकण दुसऱ्या कशाला बसायचं नाही."

तेव्हा मला हे माझं कौतुकच वाटलं. भट्टीतून निघालो तर माझी कड एका कानाजवळ किंचित खाली गेली होती, आणि झाकणाची कड पानाच्या टोकाखाली तेवढीच खाली आली होती. त्यामुळे झाकण माझ्यावर एकाच रीतीने नीट बसायचं. तसं बसलं की 'टक्' असा बारीक आवाज व्हायचा. बाकी कसंही ठेवलं तर डुगडुगायचं.

मला घरी आणलं ते आईने. मी तिला आई म्हणतो, कारण त्या घरी येणारे सगळेच तिला आई म्हणायचे, दूधवालासुद्धा. दुकानात तिने झाकण उचलून ठेवून पाहिलं आणि ते डुगडुगलं. दुकानदाराचं तोंड पडलं. तो घाईघाईने दुसरा टोप काढायला वळला.

"थांबा हो जरा," आई म्हणाली. तिने कान माझ्याजवळ आणला आणि झाकण हळूहळू फिरवत नेलं. टक्. "हाच द्या मला."

आईचं स्वयंपाकघर अरुंद होतं. खिडकी जिन्यात उघडायची, त्यामुळे कोण येतंय कोण जातंय ते आईला भाजी चिरता चिरता कळायचं. ओव्हनचं दार गुडघ्याने दाबल्याशिवाय लागायचं नाही. वर्षभर मी वरच्या फळीवर असायचो. वर्षातल्या मोठ्या सुट्टीत मात्र सगळं घर जेवायला एकत्र यायचं आणि त्या दिवशी माझ्याशिवाय कुणाचं पान हलायचं नाही. त्या दिवशी आई थरांची भाजी करायची.

आईची दोन मुलं. थोरली ताई आणि धाकटा बारक्या. बारक्या पुढे चांगला दारात न मावण्याएवढा वाढला, पण नाव तेच राहिलं. ताई भाज्या चिरायची. तिच्या हातचे बटाट्याचे काप इतके सारखे असायचे की आई म्हणायची, "ही मुलगी शिवणकामात नाव काढणार." बारक्याकडे शिळा पाव किसून चुरा करायचं काम असायचं. त्यातला अर्धा चुरा तो येता-जाता तोंडात टाकायचा. मग आई थर लावायला घ्यायची. तळाला बटाटा, त्यावर कांदा, त्यावर लाल भोपळा, गाजर, मटार, पुन्हा बटाटा. दूध, लोणी आणि मैद्याचा दाटसर पांढरा रस प्रत्येक थरावर. शेवटी झाकण. टक्. मग कितीतरी वेळ ओव्हनमध्ये भाज्या आपल्याच वाफेत शिजायच्या. झाकणाला सुटलेलं पाणी थेंब थेंब पुन्हा माझ्यातच पडायचं. अगदी शेवटी झाकण काढून वर पावाचा चुरा पसरायचा आणि तो खरपूस होऊ द्यायचा. माझं आणि झाकणाचं काम एकच होतं, एकट्याने करायचं नव्हतंच ते.

फुटक्या कानाचं सांगतो. बारक्या लहान असताना एका सुट्टीत त्याला वास काही आवरेना. आई मला ओव्हनमधून काढून खिडकीशी ठेवून गेली, तर हा स्टुलावर चढला. त्याने रुमालाने माझा कान धरून ओढलं आणि मी नळावर आपटलो. कानाचा तुकडा उडाला. आवाज ऐकून आई धावत आली. मला वाटलं, आता मला बघेल. तिने मला पाहिलंही नाही. तिने आधी बारक्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. खरं सांगू, मला तेव्हा राग आला होता. फुटलो होतो मी, आणि कौतुक त्याच्या हातांचं!

त्यानंतर आईने मला कधी टाकलं नाही. फक्त तो फुटका कान तेव्हापासून ती नेहमी स्वतःकडे ठेवायची. कड धारदार झाली होती. जेवायला बसतानासुद्धा ती मला असं ठेवायची की धड कान मुलांकडे आणि फुटका तिच्याकडे. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. सगळ्यांना वाटायचं, ठेवायची ती तिची पद्धत.

अशा सुट्ट्या येत राहिल्या. ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि तिथे तिने शिवणकामाचं दुकान काढलं. बारक्या सुतार झाला. त्याने घराच्या मागच्या खोलीतच कारखाना मांडला. दोघं भेटले की भांडायचे. भोपळ्याची साल काढायची की नाही, यावर तर दर वर्षी. आई म्हणायची, "भांडा रे भांडा, तेवढीच भूक लागते." मग एका वर्षी आई आजारी पडली. अंथरुणातून उठलीच नाही.

आईचं घर आवरायला मामा आले. मामांनी जन्मभर गोदामात माल मोजला होता, त्यामुळे त्यांना जगातली प्रत्येक वस्तू नग म्हणूनच दिसायची. त्यांनी स्वयंपाकघरातलं सगळं धुवून जमिनीवर एका चादरीवर मांडलं आणि सांगितलं, "एकदा बारक्याने उचलायचं, एकदा ताईने. भांडण नाही, तंटा नाही." मी पालथा होतो. झाकण माझ्या शेजारी वेगळं पालथं होतं. मामांच्या हिशेबाने आम्ही दोन नग झालो होतो.

खरं म्हणजे दोघांनाही आई हवी होती. ती मिळण्यासारखी नव्हती, म्हणून दोघांना मी हवा होतो. पहिली पाळी बारक्याची होती. त्याने मला उचललं. ताईचा चेहरा उतरला. "तुला काय करायचाय टोप? तू आयुष्यात एक गाजर तरी चिरलंयस का?"

"भाजी खाल्ली तर मीच सगळ्यात जास्त आहे ना," बारक्या म्हणाला. त्याला गंमत करायची होती. पण ती वेळ गमतीची नव्हती.

ताईची पाळी आली. चादरीवर चांगली तांब्याची भांडी होती, भिंतीवरचं घड्याळ होतं. सगळ्यांना वाटलं ती घड्याळ उचलेल. तिने वाकून माझं झाकण उचललं.

"अगं, नुसत्या झाकणाचं काय करणार तू?" मामा म्हणाले.

"तो नुसत्या टोपाचं जे करेल तेच," ताई म्हणाली.

बस्स. इतकंच झालं, मित्रांनो. मामांनी वहीत दोन टिंबं मारली आणि पुढचा नग पुकारला. मला वाटत होतं, चादर उचलेपर्यंत कुणीतरी हसेल, कुणीतरी म्हणेल, चल जाऊ दे, घे. ताईने झाकण पदराखाली धरलं होतं. दारातून बाहेर जाताना ते मला शेवटचं दिसलं. पानाचं टोक तेवढं पदरातून बाहेर आलं होतं.

पुढच्या सुट्टीत बारक्याने हट्टाने थरांची भाजी करायला घेतली. माझ्यावर आधी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद लावला. माझी कड वाकडी, त्यामुळे सगळी वाफ फटीतून निघून गेली. गाजरं कच्ची राहिली आणि तळाचा बटाटा करपला. नंतरच्या वर्षी त्याने ताट ठेवलं. त्याच्या नंतर, सुतारच तो, चक्क फळी कापून तिचं झाकण केलं. त्या भाजीला लाकडाचा असा वास आला की सूनबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "मी खुर्ची खातेय असं वाटतंय." सगळे हसले. बारक्याही हसला, पण त्याने पान टाकून दिलं.

मग भाजी करायचं बंद झालं. मला आधी कांदे ठेवायला घेतलं. नंतर किल्ल्या. शेवटी बारक्या मला मागच्या कारखान्यात घेऊन गेला आणि माझ्यात खिळे आणि स्क्रू ओतले. तक्रार करायची नाही असं ठरवलं होतं मी, पण खिळ्यांना गंज चढतो हो, आणि तो गंज माझ्या मलईच्या अंगाला लागत गेला. भुशाने मी राखाडी झालो. ज्याच्या आत भोपळा आणि लोणी एकत्र शिजलं, त्याच्यात बोटं घालून लोक स्क्रू शोधायचे. त्या दिवसांत मला आईची आठवण यायची आणि त्याहून जास्त झाकणाची. आई गेली होती, ते मला कळत होतं. झाकण मात्र कुठेतरी होतं. असूनही नसण्याचं दुःख फार वाईट असतं.

तिकडे झाकणाचीही काही धडगत नव्हती. हे मला त्यानेच नंतर सांगितलं. ताईने ते स्टीलच्या पातेल्यावर ठेवून भाजी केली, तर ते घसरून सरळ रसात बुडालं. मोठ्या पातेल्यावर ठेवलं तर तिरपं बसलं. शेवटी तिने ते दुकानात नेलं. कापड कापताना हलू नये म्हणून त्यावर वजन ठेवायला ते तिच्या उपयोगी पडायचं. म्हणजे बघा, मी सुताराकडे स्क्रू सांभाळत होतो आणि माझं झाकण शिंप्याकडे कापड दाबत होतं.

भावा-बहिणीचं बोलणं वर्षातून एकदा, मोठ्या सुट्टीच्या दिवशी, फोनवर व्हायचं. बारक्या कारखान्यात येऊन बोलायचा, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. "झाली का जेवणं?" "झाली. तुमची?" "झाली." "भाजी केली होतीस?" "हो, मस्त झाली, अगदी आईसारखी." "माझीपण." दोघंही धडधडीत खोटं बोलायचे. भाजी कुणीच केलेली नसायची.

एका वर्षी मात्र काय झालं कुणास ठाऊक. ताईने विचारलं, "भाजी केली होतीस?" आणि बारक्या नेहमीचं उत्तर द्यायच्या आधी थांबला. त्याचा हात माझ्यात होता, स्क्रू चाळत. तो म्हणाला, "ताई, आईसारखी होत नाही गं."

पलीकडून ताईचा आवाज आला, अगदी लहान. "माझीही होत नाही रे. कधीच झाली नाही."

"मग ये ना. पुढच्या सुट्टीला इकडे ये. आणि येताना..." बारक्याचा हात माझ्या कडेवरून फिरला.

"आणते," ताई म्हणाली. "तू ठेवलायस ना तो?"

बारक्याने माझ्याकडे पाहिलं. गंज, भुसा, स्क्रू. "ठेवलाय म्हणजे काय," तो म्हणाला. "अगदी जिवापाड." मी ऐकत होतो! पण त्या दिवशी मी त्याला माफ केलं.

त्यानेच मला घासलं. सूनबाईला हात लावू दिला नाही. लिंबू आणि मीठ लावून तो गंज काढत राहिला. सगळा गेला नाही. तळाशी एक पिवळट वलय राहिलं, ते अजून आहे.

सुट्टीच्या दिवशी ताई आली. केस पांढरे झाले होते. कापूस भरून शिवलेली जाड पिशवी तिने छातीशी धरली होती. बारक्या पुढे झाला आणि दोघंही दारात नुसतेच उभे राहिले. मग ताई म्हणाली, "काय रे, किती वाळलास!" खरं म्हणजे तो चांगला सुटला होता. सूनबाईला हसू आवरेना आणि ते कोंडलेलं सगळं मोकळं झालं.

ताईने चिरलं, बारक्याने पाव किसला आणि येता-जाता खाल्ला. भोपळ्याच्या सालीवरून भांडण झालं. थर लागले. मग ताईने पिशवी सोडली आणि मला माझं झाकण दिसलं. थोडं काळवंडलेलं, पण धड. तिने ते माझ्यावर ठेवलं.

ते डुगडुगलं.

ताईने उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा डुगडुगलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "इतक्या वर्षांत काहीतरी वाकडं झालं असेल," बारक्या म्हणाला. मी आतून ओरडत होतो, अरे भाजलेली माती वाकत नाही! झाकण फिरवा! पण टोपाचा आवाज कोण ऐकणार? बारक्या मागे गेला आणि येताना कानस घेऊन आला. न बसणारी वस्तू घासून बसवायची, हेच तर त्याने जन्मभर केलं होतं. "जरा कड घासतो, बघ कशी चपखल बसेल."

मित्रांनो, भट्टीत मी घाबरलो नव्हतो, नळावर आपटलो तेव्हाही नाही. पण त्या कानशीला मी घाबरलो. एकदा कड घासली असती की आम्ही कायमचे परके झालो असतो. ती थंड कानस माझ्या कडेला टेकली.

"थांब," ताईने त्याचा हात धरला. "बाही बसत नसली तर आधी कापायची नसते. आधी फिरवून बघायची. कदाचित उलटी लावत असू." ती डोळे मिटून उभी राहिली. "मला एवढं आठवतंय, पानाचं टोक आईकडे असायचं. मी समोर उभी असायचे, मला पानाची पाठ दिसायची."

"पण आई कुठल्या बाजूला असायची?" बारक्या म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "फुटका कान," तो हळूच म्हणाला. "फुटका कान ती स्वतःकडे ठेवायची. ताई, आपल्या हाताला लागू नये म्हणून ठेवायची गं ती. मला आत्ता कळतंय."

ताईने झाकण उचललं आणि पानाचं टोक फुटक्या कानावर आणलं.

टक्.

बारक्याने कानस खाली ठेवली आणि तो तिथेच ओट्याला टेकून रडला. ताई त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मी काही पाहिलं नाही. मी आणि झाकण आमच्या नादात होतो. ओव्हनमध्ये गेल्यावर पहिला थेंब त्याच्यावरून माझ्यात पडला, तेव्हा आम्ही एवढ्या वर्षांचं सगळं बोलून घेतलं.

भाजी कशी झाली? दोघांनी पहिला घास घेतला. मग ताई म्हणाली, "साल काढायला हवी होती." बारक्या म्हणाला, "आईने काढली नसती." आणि दोघांनी पुन्हा वाढून घेतलं. माझ्यात खरवडायलाही काही उरलं नाही.

संध्याकाळी ताई निघाली. बारक्याने आम्हा दोघांना पुसून एकत्र बांधलं आणि तिच्यापुढे केलं. "ने, ताई. दोन्ही ने. तुझंच आहे."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. कुठलंही गाव चालणार होतं मला.

ताईने गाठ सोडली. झाकण काढून पिशवीत घातलं आणि मला परत त्याच्या हातात दिलं.

"अगं, आता कशाला भांडतेस?" बारक्या म्हणाला.

"भांडत नाहीये रे. दोन्ही तुझ्याकडे राहिली तर तू मला कशाला बोलावशील? आणि दोन्ही मी नेली तर मला इकडे यायला निमित्त काय? टोप तुझ्याकडे राहू दे. झाकण मी घेऊन येईन."

आम्हाला कुणी विचारलं नाही. एका दिवसाचा सहवास, आणि पुन्हा पिशवीतून बाहेर आलेलं ते पानाचं टोक. मी रागावलो, रुसलो. त्या रात्री फळीवर मला फार एकटं वाटलं. पण तेव्हापासून एकही सुट्टी चुकलेली नाही, हेही खरं आहे. आता माझ्यात स्क्रू नसतात, कांदे नसतात. काहीच नसतं. मी रिकामा असतो, आणि वाट बघतो. पूर्वी कशाची वाट बघतोय ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, एवढाच फरक. पण तो फार मोठा आहे.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरात एखादं झाकण पडलेलं असेल ज्याचं भांडं दुसऱ्याच्या घरी आहे, तर ते फेकू नका. ते दुसऱ्या कशावर बसावं म्हणून घासूही नका. ज्याच्याकडे भांडं आहे त्याला फोन करा आणि भाजी कशी झाली ते खरं सांगा.

आज पुन्हा सुट्टी आहे. सूनबाईने भोपळा आणलाय, पाव किसायला काढलाय. दारावरची बेल अजून वाजलेली नाही. बारक्याने मला फळीवरून उतरवलं, धुतलं, पुसलं आणि ओट्यावर ठेवलं. ठेवून झाल्यावर तो जरा थांबला, आणि मला फिरवून त्याने फुटका कान स्वतःकडे केला.